शंका घेणारी भिंत

सकाळी दालन उघडलं तेव्हा भिंत आणखी हातभर आत आली होती. खाणकामगारांच्या फोटोंसमोरून आता एकाच माणसाला, तेही अंग चोरून, जाता येत होतं.

राज्याच्या नव्या विज्ञान संग्रहालयाच्या भिंती 'मतशील' काँक्रीटच्या होत्या. तळघरातला संगणक रोज नवे शोधनिबंध आणि विधानसभेतली भाषणं वाचायचा. ज्या दाव्यावर एकमत होई त्याचं दालन रुंदावे. ज्यावर शंका घेतली जाई त्याचं आकसे. इमारत कुणाचीच बाजू घेत नाही, याचं सगळ्यांना केवढं कौतुक! पुढे सरकारनेही आपली डोकेदुखी परस्पर मिटवली. ज्या आजाराचं दालन बंद झालं, त्याचे मोफत उपचार बंद.

"मॅडम, हे भिंत काहून सरकून रायली जी?" सिंधू आत्रामने विचारलं. तिचा नवरा खाणीतल्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन सरकारी दवाखान्यात ऑक्सिजनवर होता.

डॉ. अरुंधती वासेकर या आजारावर संशोधन करत होत्या. त्यांना उत्तर द्यायचीही लाज वाटली.

"माझ्यामुळेच. मी शोधनिबंधात लिहिलंय की धूळ हे कारण आहेच, पण विहिरींच्या पाण्यात आर्सेनिक आहे का, तेही तपासायला हवं. खाणवाल्यांच्या आमदारांनी तेवढंच वाक्य सभागृहात वाचून दाखवलं."

त्याच वाक्यामुळे शेजारी पाण्याचं एक चिंचोळं दालन तयार झालं होतं. त्यात अजून काहीच मांडलेलं नव्हतं.

"मंग काढून टाका ना ते वाक्य."

"ते खरं असू शकतं, सिंधूताई."

"असू शकते! अन् माहा माणूस तिकडं मरून रायला, त्याचं काय?"

वासेकरबाईंनी जन्मभर विद्यार्थ्यांना शंका घ्यायला शिकवलं होतं. तरी त्यांनी फोन काढला आणि ते वाक्य मागे घेतलं.

दुपारी भिंत घरघरत मागे सरकली. दालन पहिल्यापेक्षाही ऐसपैस झालं. शेजारचं पाण्याचं दालन मात्र उरलं नाही. तिथे आता सलग काँक्रीट होतं.

सिंधू रडत रडत बाईंच्या पाया पडली. मग डोळे पुसून म्हणाली, "मॅडम, एक विचारू का जी? माह्या पोरीलेही तसाच खोकला लागला. ते तं खाणीत कधी गेलीच नाही. तिचं दालन कोणतं?"