गोडबोल्या

"मॅडम, सवड मिळाली की क्रेनच्या ब्रेककडे जरा बघायला सांगाल का? घाई काहीच नाही."

इरफान मुजावरचा आवाज प्रतीक्षा चौगलेच्या कानात नेहमीसारखाच गोड उतरला. "सांगते हं," म्हणून ती पुढे निघालीही होती. पण भट्टीच्या धगीने चष्म्यावर घाम ओघळला, तो पुसायला ती थांबली आणि सहज तिची नजर वर गेली. क्रेनच्या केबिनमध्ये इरफान उभा होता. तोंड सताड उघडं, गळ्याच्या शिरा टरारलेल्या, आणि मुठीने तो केबिनची काच बडवत होता.

एवढा आटापिटा करून कोणी 'घाई नाही' म्हणत नाही.

भूमिजा कास्टिंग्ज हा कोल्हापूरजवळच्या औद्योगिक वसाहतीतला ओतकामाचा कारखाना. लोखंड वितळवायचं, तो धगधगता रस लॅडल नावाच्या अवजड बादलीत घ्यायचा, क्रेनने उचलून वाळूच्या साच्यांपर्यंत न्यायचा आणि ओतायचा, हे इथलं रोजचं काम. प्रतीक्षा भट्टी विभागाची प्रमुख. तिने चावी फिरवल्याशिवाय भट्टीतून रसाचा थेंब बाहेर पडत नसे. आणि इरफान तो रस माणसांच्या डोक्यावरून नेणारा क्रेनचालक.

अशा जागी शेजारच्याचंही बोलणं कानावर पडत नाही. पूर्वी इथे शिट्ट्या आणि हातवारे चालायचे, आणि त्या सगळ्यावर आबासाहेब इंगवल्यांचा आवाज चालायचा. कारखाना त्यांनीच उभा केला, पण तोंड असं की चारचौघांत कोणाचाही पाणउतारा करायचे. कसलेले कारागीर एका शिवीपायी डबा उचलून घरी गेले, ते परत आले नाहीत. म्हणून त्यांचा मुलगा सम्राट मालकाच्या खुर्चीवर बसला, तेव्हा त्याने आधी काय केलं असेल तर सौम्यक आणला.

सौम्यक म्हणजे कानात बसणारं, बोटाच्या पेराएवढं यंत्र. बाहेरचा गोंगाट ते अडवायचं. बोलणाऱ्याच्या जबड्याची थरथर, नाहीतर समोरून येणारा त्याचा आवाज टिपून त्याचं वाक्य ऐकणाऱ्याच्या कानात पोचवायचं, आणि पोचवता पोचवता त्यातला राग, शिवी, किंकाळी गाळून टाकायचं. आवाज त्याच माणसाचा, शब्द मात्र धुऊन पुसून, इस्त्री केलेले. कोल्हापुरी बोलीसुद्धा त्या धुण्यात निघून जायची. कामगारांनी त्याला नाव ठेवलं गोडबोल्या. लोकांना तो आवडलाही, खोटं कशाला सांगा! फोरमनच्या तोंडून 'कृपया' ऐकायला कोणाला नको असतं? दिवसभर कोण किती गोडीने बोललं याचा सलोखा अंक भिंतीवरच्या फलकावर झळकायचा, आणि गेल्या कित्येक वर्षांत तो नव्वदीखाली आला नव्हता. आज तर सर्वोत्तम कार्यसंस्कृतीच्या पुरस्कारासाठी पाहणी समिती आली होती.

प्रतीक्षाने कानातला गोडबोल्या उपसून काढला. गोंगाट अंगावर धावून आला. ती शिडी चढून केबिनपाशी गेली, इरफानला खूण केली, आणि त्यानेही आपला काढला.

"काय म्हणत होतास? आता बोल."

"कवाधरनं वरडाय लागलोय, मॅडम!" त्याचा घसा बसला होता. "ब्रेक घसराय लागलाय. काल भरलेलं लॅडल वर धरलं हुतं, तर आपसूक खाली येत गेलं, वीतभर! खाली पोरं उभी. रोज बोंबलतोय मी, आनि रोज तुमी 'सांगते हं' म्हणून हसत जाताय. कुणीतरी जळून मेल्यावर ऐकणार हाय काय?"

ऐकलं तर तिने रोज होतं. 'सवड मिळाली की.' तसंच तिने ते सम्राटसाहेबांच्या कानावरही घातलं होतं, आणि त्या वाटेवर ते आणखी एकदा गाळून निघालं असणार. दुरुस्तीची कोणती कामं आधी घ्यायची हेही सौम्यकच ठरवायचा, बोलण्यातली निकड मोजून. आणि निकड तर तो आधीच पुसून टाकायचा. इतक्या हुशार यंत्रणेतलं हे भगदाड कोणाच्या ध्यानात आलं नाही, कारण ते दाखवणाऱ्याचा आवाजही त्याच यंत्रणेतून जात होता.

"आजचं ओतकाम?" तिने विचारलं.

"समितीला दाखवायचं हाय म्हणं. लॅडल काठोकाठ भरून."

"उचलायचं नाही. मी सांगेपर्यंत हात लावायचा नाही."

"आनि सायबांनी सांगितलं तर?"

"तरी नाही."

ती खाली उतरली. भट्टी विभागावर नजर टाकणाऱ्या काचेच्या सज्जात सम्राट उभा होता, शेजारी समितीचे तिघे. सगळ्यांच्या कानात सौम्यक. प्रतीक्षाने आपला पुन्हा कानात घातला आणि खालूनच त्याला गाठलं.

"सर, क्रेनचा ब्रेक गेलाय. ओतकाम थांबवा. आत्ताच्या आत्ता!"

सम्राटने वरून हात हलवला. "उत्तम सूचना, मॅडम. पुढच्या आठवड्यात नक्की बघू."

"पुढचा आठवडा कसला! माणसं मरतील, सर!"

"तुम्हाला सगळ्यांची काळजी असते, हे मला फार आवडतं," तो म्हणाला.

समितीतल्या बाईंनी कौतुकाने मान डोलावली. प्रतीक्षाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सम्राटचं हसू खोटं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण तो मनापासून हसत होता, एखाद्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा मिळाव्यात तसा.

ती जिना चढून सज्जात गेली. दार लागल्यावर आवाज निम्मा झाला. स्वतःच्या कानातलं काढून तिने मुठीत धरलं आणि त्याच्या कानाकडे बोट दाखवलं.

सम्राट तिला बाजूला घेऊन गेला. "मॅडम, समिती आहे. काम चालू असताना ते काढायचं नाही, नियम तुम्हाला माहीत आहे." मग त्याने काचेतून खाली भट्टीकडे पाहिलं. "मी आठवीत होतो. आबांनी माझ्यादेखत एका म्हाताऱ्या कारागिराला आईवरून शिवी दिली. तो माणूस माझ्याकडे बघून हसला, मला वाईट वाटू नये म्हणून. त्या दिवशी ठरवलं, माझ्या कारखान्यात कोणाचा आवाज चढणार नाही."

"चढलाय, सर!" प्रतीक्षा ओरडली. "तुमच्या लोकांचा आवाज कधीचाच चढलाय. तुम्ही कानात बोळे घालून बसलाय म्हणून ऐकू येत नाही!"

"बरोबर आहे तुमचं," सम्राट समजुतीने म्हणाला. "सगळ्यांनी अधिक ऐकायला हवं."

काय ऐकलं असेल त्याने? तिने बोलणं तिथेच सोडलं. जिना उतरून ती थेट भट्टीपाशी गेली आणि तिने चावी उलटी फिरवून काढून घेतली. रस भट्टीत राहिला तर फार तर वीज जळेल. तेवढी जळू दे, ती म्हणाली, आणि हे तिने मोठ्याने म्हटलं.

मग ओतकामाच्या वाटेवर, बरोबर क्रेनखाली उभं राहून तिने दोन्ही हात डोक्यावर नेऊन फुली केली. गोडबोल्या यायच्या आधीची ही खूण, सगळं थांबवा, सगळे बाजूला. इरफानने ती ओळखली. त्याने क्रेनचा भोंगा दाबला तो दाबूनच ठेवला. नवी पोरं तशीच काम करत राहिली, त्यांच्या कानात भोंगा कुठे पोचत होता! पण दोघातिघा जुन्या माणसांना भोंग्याने पायाखालची जमीन थरथरलेली कळली. त्यांनी मान वर केली, फुली पाहिली, आणि पोरांना दंडाला धरून ओढत भिंतीकडे नेलं. पोरं भांबावली. एकाने कानातलं काढलं, त्याचं बघून दुसऱ्याने. कानातलं काढणाऱ्या प्रत्येकामागे फलकावरचा अंक घसरायला लागला. सत्तर झाला, पन्नास झाला.

सम्राट धावत खाली आला. त्याचा चेहरा लाल झाला होता, आणि प्रतीक्षाच्या कानात काही नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदाच त्याचा चढलेला आवाज तिला ऐकू आला. "चावी द्या! काय तमाशा लावलाय हा? उद्यापासून कामावर यायची गरज नाही तुम्हाला!"

"उद्याचं उद्या बघू," ती म्हणाली. ते त्याला कसं ऐकू आलं कोण जाणे. तिने साच्यांवर खुणा करायचा खडू उचलला आणि लॅडल जिथून जायचं त्या वाटेवर जमिनीवर एक वर्तुळ काढलं. एका हाताने त्याला चावी दाखवली, दुसऱ्या हाताने ते वर्तुळ.

सम्राटने वर्तुळाकडे पाहिलं. मग वर, क्रेनच्या आकड्याकडे पाहिलं. आणि सावकाश कानातला सौम्यक काढला.

"काय म्हणायचंय काय तुम्हाला?"

"ब्रेक ठीक असेल तर इथे उभे राहा. मी चावी फिरवते. लॅडल तुमच्या डोक्यावरून जाऊ दे."

त्याचा पाय जागचा हलला नाही.

"का, सर? पोरं रोज उभी राहतात इथे."

शेवटी त्याने इरफानला हात केला. रस नको, तेवढ्याच वजनाचं भंगार भरून लॅडल उचला. माणसं भिंतीपर्यंत मागे सरली. लॅडल चढलं, पुरुषभर उंचीवर येऊन थांबलं. इरफानने दोन्ही हात वर करून दाखवले, आपण कशालाही हात लावलेला नाही म्हणून.

आधी काहीच झालं नाही. समितीतल्या एकाने वर सज्जात घड्याळ पाहिलं. मग एक आवाज आला, पत्र्यावर खिळा ओढावा तसा. सम्राटने दचकून वर पाहिलं. हा आवाज त्याने कधीच ऐकला नव्हता. गोंगाट म्हणून सौम्यक तो अडवत होता. आणि त्या आवाजाबरोबर लॅडल खाली येऊ लागलं. आधी बोटभर, मग वीतभर, आणि मग एकदम. खडूच्या वर्तुळात ते अशा दणक्याने बसलं की सज्जाच्या काचा हादरल्या.

फलकावर अंक एकेचाळीस होता.

सम्राट वर्तुळापाशी खाली बसला. लॅडलच्या कडेखाली खडूची रेघ चेंगरली होती, तिच्यावरून त्याने बोट फिरवलं. तेवढ्यात इरफान शिडी उतरून समोर आला. त्याच्याकडे बघायला सम्राटला अवघड जात होतं, तरी त्याने पाहिलं.

"मग आता काय?" त्याने विचारलं. "पुन्हा आबांसारखं सगळ्यांनी एकमेकांवर ओरडायचं?"

"शिवी कुणाला पायजे हाय, सायब?" इरफान म्हणाला. "शिवी गेली ते लई ब्येस झालं. पर तिच्यासंगट आमची बोंब बी गेली. आग लागल्यावर माणसानं 'कृपया' म्हणायचं व्हय?"

सम्राट उठला. सज्जात समितीच्या बाई खालीच बघत होत्या, आणि त्यांनीही कानातलं काढून हातात धरलं होतं. पुरस्कार गेल्यात जमा होता. एरवी हे ध्यानात येताच तो जिन्याकडे धावला असता. आज तो तिथेच उभा राहिला आणि समोरच्या एकेका चेहऱ्याकडे बघत राहिला. साच्यावरची माणसं, वाळू चाळणाऱ्या बाया, भट्टीवरची पोरं. ही सगळी रोज त्याच्याशी बोलत होती. किती समाधानी माणसं आहेत, असं त्याला वाटायचं.

"आणखी काय काय सांगितलंत तुम्ही मला?" त्याचा आवाज कापत होता आणि तो लपवायला कानात काही नव्हतं. "इतकी वर्षं?"

माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. मागे वाळू चाळणाऱ्या एका बाईने पदर खोचला आणि ती वाट काढत पुढे यायला लागली. तिच्यामागून आणखी दोघी निघाल्या.

प्रतीक्षाने भट्टीची चावी गळ्यात अडकवली. ती त्याला परत द्यायचा तिचा विचार नव्हता.

"सांगू की," ती म्हणाली. "पण आमच्या आवाजात सांगू. ऐकाल?"