पडदा ओढणारे निर्दोष

दोषनिर्णय मंडळाच्या भिंतीवर, संगणकाने उमटवलेल्या चित्रात, दोन विमाने पुन्हा पुन्हा समोरासमोर येत होती. एखाद्या वेळी ती आदळत, पण बहुतेक वेळा एकमेकांना चुकवून जात, आणि तसे झाले की खालचा आकडा वर चढे. तो आकडा कॅप्टन अनघा पाटणकरच्या दोषाचा होता. ती त्या अपघातात प्रवाशांसह गेली होती. आकडा शंभरात एक्याण्णववर थांबला आणि अध्यक्षांनी हुकूम वाचला: मृतांच्या स्मृतिशिलेवरून अनघाचे नाव काढावे.

पहिल्या रांगेतून सुलभाबाई उठल्या. अनघाची आई. कराडच्या शाळेत जन्मभर गणित शिकवलेली बाई. तिला खाली बसा म्हणायची शिपायाची छाती झाली नाही. शेजारी धाकटी केतकी होती, तीही वैमानिक.

“हे गणित मला समजावून सांगा,” सुलभाबाई म्हणाल्या.

सांगायला समोर डॉ. मधुसूदन चौबळच होते. पूर्वी चौकशी वर्षानुवर्षे चाले आणि शेवटी दोष मेलेल्या वैमानिकाच्या माथी मारला जाई. ते थांबावे म्हणून चौबळांनी ‘दोषांश’ शोधून काढला. कल्पना साधी होती. प्रत्येक वैमानिकाच्या, प्रत्येक यंत्राच्या आजवरच्या वागण्याची नोंद संगणकाकडे असतेच. संगणक एकेकाला घेऊन विचारतो, हा त्या दिवशी नेहमीसारखा वागला असता तर? आणि तोच अपघात लाखो वेळा घडवून पाहतो. ज्याच्या नेहमीच्या वागण्याने तो सर्वांत जास्त वेळा टळतो, त्याचा दोषांश सर्वांत मोठा. त्यात वशिला चालत नाही, म्हणून लोकांनी तो डोक्यावर घेतला होता.

“बाई, विमानं आता आपसांत बोलून वाट ठरवतात,” चौबळ म्हणाले. “त्या दिवशी त्यांच्या बोलण्यात क्षणभर खंड पडला. तेवढ्यात कुणी काचेतून पाहिलं असतं तर समोरचं विमान दिसलं असतं. पण बाहेर बघायची सवय आता फारशी कुणाला उरलेली नाही. तुमच्या मुलीला होती.”

“ती मी लावली होती. रस्ता मोकळा आहे असं दुसऱ्यानं सांगितलं तरी आपल्या डोळ्यांनी बघायचं.”

“त्या दिवशी तिनं पाहिलं नाही.”

“मागं एका प्रवाशाच्या छातीत दुखत होतं. त्याला कसं झोपवायचं ते ती सेविकेला फोनवर सांगत होती.”

“मान्य. पण म्हणजे ती नेहमीसारखी वागली नाही.”

“आणि हा लाड?” सुलभाबाईंनी मागे बोट दाखवले. दुसऱ्या, मालवाहू विमानाचा कॅप्टन लाड, मोडका पंख घेऊन कसाबसा उतरलेला, मान खाली घालून बसला होता. “हा तर काचेवर पडदा ओढून जेवत होता.”

“ते नेहमीच ओढतात. त्यांना लाखो वेळा नेहमीसारखं वागवलं, तरी ते लाखो वेळा पडदा ओढून जेवतात. अपघात एकदाही टळत नाही. दोषांश शून्य.”

“आणि यंत्र?”

“तेही दर वेळी तसंच चुकतं. शून्य.”

“म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी. रोज अभ्यास करणारी पोर एक दिवस चुकली म्हणून तिला छडी, आणि जन्मात पुस्तक न उघडणाऱ्याला शाबासकी. डॉक्टर, मी असे पेपर तपासले असते तर गावानं मला शाळेबाहेर काढलं असतं.”

“सूत्रात चूक दाखवा,” चौबळ शांतपणे म्हणाले.

संताप येतो तो इथेच. सूत्रात चूक नव्हतीच. चूक प्रश्नात होती, आणि प्रश्नाविरुद्ध अपील करायची सोय कायद्यात नव्हती. अनघाचे नाव छिन्नीने खरवडून काढले गेले.

पुढच्या वर्षी चौबळ नागपूरला निघाले. विमानाच्या दाराशी प्रवाशांचे स्वागत करायला वैमानिकच उभी होती. केतकी पाटणकर. तिच्या मागे वैमानिकांची खोली उघडी होती, आणि तिथल्या काचांवर जाड काळे पडदे ओढलेले होते.

“तुम्ही बाहेर बघत नाही?” चौबळांनी विचारले.

“बघायचे. ताईनंच शिकवलं होतं. निकालानंतर आम्ही उरलेल्यांनीही ती सवय मोडली. आई आधी खूप चिडली माझ्यावर. मग एक दिवस तिनंच हे पडदे शिवून दिले. म्हणाली, तुझंही नाव खरवडलेलं मला बघवणार नाही.”

चौबळांनी पडद्यांकडे बोट दाखवले. “निदान आज तरी उघडे ठेवा.”

“ठेवते की. पण तुम्ही सांगितलंत हे नोंदलं जाईल, सर. दर प्रवासात सांगायची तुम्हाला सवय लागली, आणि एखाद्या दिवशी सांगायचं राहिलं, तर…”

पुढचे तिने बोलायची गरज नव्हती. ते सूत्र त्यांच्याइतके कुणालाच येत नव्हते.

“राहू द्या,” चौबळ म्हणाले.

ते आपल्या जागेवर गेले, पट्टा बांधला, आणि बाहेर नजर न टाकता त्यांनी शेजारच्या खिडकीची झडप खाली ओढली.