नवा ब्रेक, जुना आवाज

शेवटचा साधा दिवस अगदीच साधा होता. डोळ्यांच्या डॉक्टरांकडून वडिलांना घरी सोडायला कस्तुरी निघाली होती. पुढच्या सीटवर तिच्या शाळेतल्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, म्हणून दिनानाथशास्त्री मागे, बरोबर तिच्या पाठीशी बसले. दार उजव्या बाजूला असूनही त्यांनी ते अवघडून डाव्या हाताने ओढून घेतलं. उजवा हात सदऱ्याच्या खिशात होता. वाटभर तो तिथेच राहिला.

बनारसच्या मैदागिनला गाडी थांबली. पुढे गल्ल्या, चारचाकीचं राज्य तिथे संपतं.

"थांब जरा, कस्तुरी. तुला एक द्यायचं होतं."

मागे ई-रिक्षांची रांग लागली होती आणि पोलीस शिटी फुंकत होता. "मला काही नकोय बाबा," ती म्हणाली. "उद्या बोलू."

हे वाक्य तिच्या तोंडी लहानपणापासून बसलं होतं. धाकट्या यज्ञेशची मुंज झाली आणि देवघरातली पूजा त्याच्याकडे गेली, तेव्हाही ती हेच म्हणाली होती.

शास्त्रीबुवा मागे क्षणभर खुडबुडले, मग उतरले. खिडकीशी येऊन त्यांनी दोन्ही हात तिच्या डोक्यावर ठेवले आणि ते दूधविनायकाच्या गल्लीतल्या घराकडे वळले. परत जाताना लहुराबीरच्या चौकात तिने ब्रेक दाबला, तेव्हा चाकाजवळ कुठेतरी आवाज झाला. टक्.

दुसऱ्या दिवशी सकाळी शास्त्रीबुवा गेले. आवाज राहिला.

*

चौखंब्याच्या एका साड्यांच्या दुकानावर विद्युल्लताबाईंची खोली होती. लग्नाआधीच्या चौकशा, भाडेकरूंची भांडणं, घर सोडून गेलेली माणसं, असली कामं त्या करत. सोबतीला धाकटे दीर देवदत्त. ते बँकेतून निवृत्त झालेले, उंचपुरे, आणि एकदा मत बनवलं की त्यावर ठाम.

"गाडीचा आवाज? त्याला मिस्त्री असतात," देवदत्त म्हणाले.

मिस्त्री झाला होता. कस्तुरीने शांतपणे सगळं सांगितलं. आधी ब्रेकचे पॅड बदलले. मग सस्पेन्शनच्या लिंक आणि रबरी बुश. शेवटी चारही शॉकअप नवे. दरवेळी शकील मिस्त्री स्वतः फेरी मारून यायचा आणि आवाज नाही म्हणायचा. यज्ञेशनेही चालवून पाहिली. नाही.

"फक्त मी चालवते तेव्हा वाजते. यज्ञेश म्हणतो, ताई, आवाज गाडीत नाही, तुझ्यात आहे. गाडी विकून टाक आणि स्वतःला एखाद्या डॉक्टरला दाखव." ती विद्युल्लताबाईंकडे वळली. "बाई, मला एवढंच कळायला हवं. आवाज गाडीत आहे की माझ्यात?"

"बाकीच्यांना ऐकू येत नाही याचा तू फार धसका घेतलायस," विद्युल्लताबाई उठत म्हणाल्या. "मला तर तोच पहिला धागा वाटतोय. चल, गाडी दाखव."

कस्तुरी बसली आणि खालचा दांडा ओढून तिने सीट पुढे सरकवली. तिचे पाय पोचत नसत. गॅरेजमधून गाडी आली की हे दरवेळी करावं लागे. विद्युल्लताबाई शेजारी बसल्या. मागे, कस्तुरीच्या पाठीशी बसलेल्या देवदत्तांनी चष्म्याचं घर तिच्या सीटच्या पाठीवरच्या जाळीत ठेवलं. ते सरळ त्यांच्या पायाशी पडलं.

राजघाटच्या रस्त्यावर खड्ड्यांना तोटा नाही. गाडी धडधडत गेली, पण तो आवाज आला नाही. ब्रेक दाबला. टक्. पुन्हा निघाली, तेव्हा जरा हलका, टक्.

"आता पायाचा ब्रेक राहू दे. रस्ता मोकळा आहे तोवर हळूच हातब्रेक ओढ."

टक्.

"म्हणजे हातब्रेकही बिघडलाय," देवदत्त म्हणाले.

"भाऊजी, तुमच्या निदानावर शकील मिस्त्री घरावर दुसरा मजला चढवेल."

मग त्यांनी देवदत्तांना चालवायला बसवलं. गुडघे स्टिअरिंगला लागू लागले तशी त्यांनी सीट पार मागे ढकलली. त्याच रस्त्यावर, तसेच ब्रेक. एकदाही वाजलं नाही.

"हातगुण असतो, वहिनी," देवदत्त म्हणाले.

कस्तुरीने खिडकीबाहेर पाहिलं. विद्युल्लताबाई मात्र खुशीत दिसत होत्या.

*

शकील मिस्त्री सहाफुटी माणूस. त्याचा अभिमान दुखावला गेला होता. "मैडम, पहिये के पास जो कुछ बज सकता था, सब बदल दिया. गाडी चार बार ऊपर उठायी."

आतून पाहिली का, असं विद्युल्लताबाईंनी विचारलं.

"अंदर क्या देखना? आवाज तो नीचे से आती है."

यज्ञेश घरी पूजेला बसला होता. कस्तुरी सवयीने देवघराच्या उंबऱ्याशीच थांबली. विद्युल्लताबाई आत जाऊन वाकल्या. ताम्हनात पाच देवांचं पंचायतन मांडलं होतं. चार कोपऱ्यांत देवांचे चार दगड, शाळिग्राम, स्फटिक, तांबडा शोणभद्र आणि सोनमाखी. मधोमध गंध लावलेली सुपारी.

यज्ञेशची उत्तरं तुटक होती. बाबा गेले त्या सकाळी तो प्रयागराजला होता; शेजारचे पांडेयचाचा त्यांना इस्पितळात घेऊन गेले. गाडीत आवाज नाही. बाकीचं ताईला विचारा, म्हणाला, तिला सगळं माहीत असतं. मग दाराच्या चौकटीखाली मान वाकवून तो निघून गेला.

पांडेयचाचांनी तोंडातला विडा एका गालात सारला आणि डोळे पुसले. "गुरुजी रास्ते भर पान माँगते रहे. 'पान गाडीत, कस्तुरीला.' बस यही. हम अस्पताल के बाहर से मघई पान लगवा लाये, बिना सुरती-तंबाकू का. देखते ही मुँह फेर लिये."

परतताना कस्तुरीने उरलेलं सांगितलं. बाबांनी जन्मात पानाला हात लावला नव्हता. तरी शेवटची इच्छा म्हणून दहाव्याला तिने पिंडापाशी विडा ठेवला. कावळा शिवला नाही. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला.

विद्युल्लताबाई गल्लीतच थांबल्या. "पुन्हा सांग. काय म्हणाले होते?"

"पान गाडीत, कस्तुरीला."

"उद्या सकाळी सगळ्यांना शकीलकडे बोलाव. तुझ्या भावालाही."

*

गॅरेजच्या पत्र्याखाली सगळे गाडीभोवती उभे होते. देवदत्तांना एकमेव खुर्ची मिळाली होती.

"शकीलभाईंचं काम चोख आहे," विद्युल्लताबाईंनी सुरुवात केली. "म्हणूनच आवाज गेला नाही. जे बिघडलंच नव्हतं ते त्यांनी दुरुस्त केलं. सस्पेन्शन खिळखिळं असतं तर खड्ड्यांत वाजलं असतं. तिथे गाडी गप्प होती. पुढच्या चाकांच्या पॅडचा दोष असता तर हातब्रेकवर वाजायला नको होतं, तो फक्त मागची चाकं धरतो. तरी वाजलं, तेही त्याच जागी. म्हणजे कोणता ब्रेक लावला याच्याशी आवाजाला देणंघेणं नाही. गाडी थांबली की वाजतं, निघाली की वाजतं. आता थांबताना आपण पुढे जातो आणि निघताना मागे. आणखी काय जातं?"

"गाडीत सुटं पडलेलं काहीही," देवदत्त म्हणाले आणि स्वतःच चकित झाले.

"भाऊजी, शाबास. मग ते फक्त कस्तुरीलाच का ऐकू येतं? शकीलभाई, यज्ञेश आणि भाऊजी, तुम्हा तिघांत साम्य काय? उंची. तिघंही सीट मागे ढकलता. कस्तुरी पुढे ओढते. सीट मागे गेली की तिच्याखालचा आडवा पट्टा त्या वस्तूला कोपऱ्यात दाबून धरतो. पुढे आली की ती मोकळी. सगळे गाडीखाली शिरले, सीटखाली कोणी वाकलं नाही."

"पण वस्तू कोणती?" यज्ञेशने विचारलं.

"तुम्हीच दाखवलीत. शिवाच्या काशीत शिवपंचायतन, आणि मधोमध सुपारी. महादेवाचा गोटा, बाण, कुठे आहे?"

यज्ञेशचा चेहरा पडला. बाबा गेल्यावर देवघर उघडलं तेव्हाच बाण नव्हता. ताईने नेला असेल, असं त्याला वाटलं. सुतकात कसं विचारायचं, म्हणून गप्प बसला. मग ते विचारायचं राहूनच गेलं.



"नेला शास्त्रीबुवांनी," विद्युल्लताबाई म्हणाल्या. "वाटभर उजवा हात खिशात होता. देवाला कोणी डावा हात लावत नाही. उतरल्यावर दोन्ही हात मोकळे. मधल्या वेळात कस्तुरी नको म्हणाली, म्हणून तिला सापडेल अशा जागी त्यांनी तो ठेवला, तिच्या पाठीमागच्या जाळीत. भाऊजींच्या चष्म्याच्या घराने सांगितलंच की जाळी खालून फाटलीय." त्या पांडेयचाचांकडे वळल्या. "और चाचा, गुरुजी ने पान नहीं माँगा था. 'बाण' कहा था. बनारस में यह और क्या सुनाई देता."

पांडेयचाचा चघळायचे थांबले.

शकीलने चार बोल्ट काढून सीट उचलली. मागच्या कोपऱ्यात, धुळीत, नर्मदेतला काळसर गोटा पडला होता. अंड्याएवढा, गुळगुळीत, अंगावर फिकट जानव्यासारखी रेघ. शकीलने हात पुढे केला, मग मागे घेतला आणि बाजूला झाला.

यज्ञेशने तो उचलला, सदऱ्याने पुसला आणि बहिणीसमोर धरला. "ताई, तुला हवा आहे?"

जुनं वाक्य कस्तुरीच्या ओठांवर आलं. तिने ते गिळलं आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. गोटा गार होता, आणि दिसत होता त्याहून जड. ती उघड्या दारातून मागच्या रिकाम्या सीटकडे बघत म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने,

"बाबा, मला हवा होता. यज्ञेशच्या मुंजीत पण हवा होता."