एका कढईतलं जेवणारे

नारीन शहरातल्या विद्यापीठात आमच्या अर्थशास्त्र विभागाचं एक जुनं काम आहे. दर सप्टेंबरात वरच्या खोऱ्यातल्या त्याच चाळीस घरांत जायचं आणि तेच प्रश्न विचारायचे. माणसं किती, पीठ किती लागलं, चहा किती, मांस किती. घरात कुणाला धरायचं याचा नियम फॉर्मच्या माथ्यावरच छापलेला आहे: गेल्या बारा महिन्यांत जे एका कढईतलं जेवले, ते एका घरचे. परदेशी गेलेला मुलगा कितीही लाडका असो, तो मोजायचा नाही. अकरा वर्षं मी हे वर्गात शिकवते आहे.

यंदा आकडे तपासताना सतराव्या घराशी अडले. तिथं माणसं तीन लिहिली होती: बुरुल आपा, तिची सून आणि मुलगा मेदेर. मेदेर सहा वर्षांपूर्वी बांधकामावर रशियाला गेला. चार वर्षं झाली, त्याचा फोन नाही, हे सगळ्या खोऱ्याला ठाऊक. म्हणजे म्हातारीने सरळ खोटं सांगितलं होतं. पण पीठ खरोखरच तिघांचं लागत होतं. मी मागचे फॉर्म काढले. दोन वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थ्याने नियमाप्रमाणे मेदेरचं नाव खोडलं होतं. त्यानंतरचे बारा महिने पीठ दोघांपुरतंच लागलं. पुढच्या वर्षी कुणीतरी पुन्हा तीन लिहिले, आणि पीठ पुन्हा वाढलं.

विभागप्रमुख जापार बायकेंना दाखवलं; थोरल्या पुरुषाला आम्ही बायके म्हणतो. ते हसले.

"म्हातारी गाईला घालत असेल पीठ. नाव खोड आणि मोकळी हो, सालिमा. नाहीतर पुढच्या वर्षी लोक मेंढ्यांचीही नावं सांगतील."

मी बरं म्हटलं. पण पेन्सिल उचलवेना. माझा मुलगा नुरगाझीही तिकडेच गेलाय. चौदा महिने झाले, फोन नाही. पाची नमाजांनंतर मी एकच मागते, तो असेल तिथं त्याच्या पोटात अन्न असू दे. म्हणून ठरवलं, खोडायच्या आधी एकदा स्वतः जाऊन यायचं.

आपाकडे गेले तो गुरुवार होता. सोमवार-गुरुवार माझा रोजा असतो, तसं तिच्या सुनेला सांगितलं. तरी तिने चहाच्या तीन वाट्या भरल्या आणि तिसरी भिंतीशी, मानाच्या रिकाम्या जागी ठेवली. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर खोलीत रेंगाळत होता. समोरच्या भिंतीवर, खुंटीला, पांढऱ्या फडक्यात बांधलेला नान टांगला होता. आमच्या घराघरांत असतो तो. मुलगा लांब निघाला की नानचा एक घास चावतो, उरलेला आई जपून ठेवते, आणि परतल्यावर त्याने तो संपवायचा.

मी काही विचारायच्या आत आपाने गाठ सोडली.

नान अर्ध्याहून कमी उरला होता.

उंदीर म्हणावं तर खुंटी लोखंडी, भिंत गुळगुळीत. मी पिशवीतून पट्टी काढली. सवयच ती. कडेला चाव्याला चावा लागून होता, अकरा चावे, आणि प्रत्येकात मधोमध न तुटलेला तोच बारीक उंचवटा. लहानपणी घोड्याच्या लाथेने मेदेरचा पुढचा दात अर्धा तुटला होता.

"हे कधीपासून, आपा?"

"फोन थांबला तेव्हापासून. तुमच्या पोराने नाव खोडलं, त्या वर्षी एकही चावा पडला नाही." तिने फडकं नीट केलं. "वर्षभर उपाशी राहिलं माझं लेकरू."

सून उठून बाहेर गेली. मी विचारू नये ते विचारलं. जेवतोय म्हणजे तो जिवंत आहे ना?

आपाने फडक्याची गाठ पुन्हा मारली. नुरगाझीचं तिला माहीत होतं.

"जिवंत माणूस तिथल्या ताटात जेवतो ग. घरचं कशाला खाईल?"

निघताना तिन्ही वाट्या रिकाम्या होत्या.

घरी पोचले तेव्हा ऊन डोंगराच्या टोकावर होतं. रोजा सोडायला भाकरी थापावी म्हणून पिठाच्या पोत्यात हात घातला, तो तळाला लागला. पोतं मला दोन महिने पुरायचं. गेल्या हिवाळ्यापासून सहा आठवडेही पुरत नाही. वजनात मारतोस म्हणून दुकानदाराशी मी दोनदा भांडले होते. मी एकटी राहते. आठवड्यातले दोन दिवस दिवसभर चूल पेटत नाही. चाळीस घरांचं पीठ मोजणारी मी, स्वतःच्या घरचं कधी मोजलंच नव्हतं.

नुरगाझीचा नान ठेवलेली पेटी उघडली. फडक्याची गाठ मीच मारलेली, तशीच होती.

नुरगाझीचा चावा मला पाठ आहे. मोठा, घाईचा. गाडी सुटत होती.

तो तिथंच होता.

त्याच्या शेजारी आणखी तीन होते.

तिसऱ्याची कड बोटाला ओलसर लागली.

सूर्यास्ताची, मगरीबची नमाज पढले. आज काही मागितलं नाही. मग सतराव्या घराचा फॉर्म घेतला आणि तीनचा आकडा तसाच ठेवला. एक कोरा फॉर्म काढून वर माझा पत्ता लिहिला. एका कढईतलं जेवणारे: दोन. पेन्सिलीने लिहिलेलं कुणीही खोडतं, म्हणून शाईच्या पेनाने लिहिलं.