बोलत बोलत चालायचं

चालण्याच्या यंत्राच्या सरकत्या पट्ट्यावर पहिलं पाऊल टाकताच तिचा तोल गेला, आणि शेजारच्या पट्ट्यावरच्या माणसानं चालता चालताच हात पुढे केला. "दांडी धरा... पहिल्या दिवशी मीही असाच धडपडलो होतो."

तो पोस्टमन. अर्धं गाव पायाखाली घातलेला, आता ऑफिसात बसून पत्रं लावणारा. ती घरी पुस्तकांची बांधणी करायची. दोघांचं दुखणं एकच, लाखात एखाद्याला होणारं. हृदयाकडून फुप्फुसांकडे रक्त नेणाऱ्या वाहिन्यांतला दाब वाढायचा आणि एक जिना चढला तरी जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून आठवड्यातून तीनदा, छातीला तारा लावून, फिजिओ मॅडमच्या नजरेखाली चालायचं.

मॅडमचा नियम सोपा होता. चालताना बोलता आलं पाहिजे, बोलणं तुटलं की दम लागला समजायचं.

पण बोलायचं कुणाशी? आई गेल्यापासून घरात तिचा आवाज निघायचा तो रविवारी दादाचा फोन आला की. 'जपून राहा' हा त्याचा सल्ला तिनं इतका मनावर घेतला, की मैत्रिणीसुद्धा एकेक करून दुरावल्या. कधी कधी ती सुईदोऱ्याशीच बोलायची.

पोस्टमन मात्र बोलका. एकदा तो सांगत होता, त्याच्या वाटेवर एक आजोबा रोज फाटकात उभे असायचे, पत्र कधीच यायचं नाही.

"मग तुम्ही काय करायचात?"

"थांबायचो. पत्र नाही, एवढं सांगायला मला दहा मिनिटं लागायची."

ती हसली – आणि यंत्राच्या पडद्यावरची तिची नाडी एकशे वीसच्या वर गेली.

पुढचे दोन आठवडे हेच. वेग तोच, चढ तोच, नाडी मात्र उधळलेली. मॅडमनी तारा बदलल्या, यंत्र बदललं, त्यांना काही उमगेना. तिला उमगलं होतं. तो बोलायला लागला की होतं हे. म्हणून तिनं त्याच्याकडे बघणंच सोडलं, हो-नाहीवर भागवलं. नाडी वठणीवर आली. पोस्टमनचा चेहरा उतरला, तोही गप्प झाला. परतताना बसमध्ये तिला रडू आवरेना.

ती बोलत नाही, म्हणजे तिला दम लागतोय, असं मॅडमनी धरलं. "पुढच्या वेळेपासून तुम्ही दुपारी या. एकट्याच. मला नीट लक्ष देता येईल."

तिनं पट्टा थांबवला. एकटीनं तर ती सगळंच करत होती.

"मॅडम, मला दम लागत नाही."

"मग बोलत का नाही?"

"बोललं की नाडी पळते. म्हणजे... हे बोलले की." तिनं शेजारी बोट दाखवलं. कानशिलं तापली होती आणि पडद्यावर एकशे अठ्ठावीस.

मॅडमचं पेन वहीवर थबकलं. पोस्टमन हळूच पट्ट्यावरून उतरला.

"मला वाटलं, माझा कंटाळा आला तुम्हाला," तो म्हणाला. "मी दुसरी वेळ मागणार होतो... हिंमत झाली नाही. घरी मलाही बोलायला कुणी नाही."

मॅडमनी दुपारची वेळ खोडली आणि नाडी उतरेपर्यंत दोघांना भिंतीशी बसायला फर्मावलं. दोन खुर्च्या, दोघांच्या लोंबत्या तारा.

"आज मी बोलते," ती म्हणाली. "तुम्ही तुमची नाडी बघा."

त्यानं पडद्याकडे बघायचं साफ टाळलं.