तळ्याचे कागद कुणी पुसले?

"चार वाजता सभा हाये, बाई. मले सचिवपदावरून काढून राह्यले." दिव्यानी खुर्चीत बसली ती मान खाली घालूनच.

मनकर्णाबाईंनी चष्मा पुसला. टेलिफोन खात्यातून निवृत्त झाल्यावर वेळ जावा म्हणून त्या ब्रह्मपुरीत तपासाची कामं घेऊ लागल्या होत्या. आता बसायलाही वेळ नव्हता आणि गुडघे तर रोजच बोलत.

दिव्यानीच्या मच्छीमार संस्थेचे तळ्याचे कागद सोमाजीच्या इंटरनेट ऑफिसातल्या सर्व्हरवर होते. तो सर्व्हर गावातल्या तीस संस्थांमध्ये मिळून. मंगळवारी त्यावर कुणीतरी फाइली पाठवायचं सॉफ्टवेअर टाकलं आणि संध्याकाळी संस्थेचे सगळे कागद गायब.

"नागभीडच्या शाखेले फाइली आपोआप जाव्या म्हणून ते सॉफ्टवेअर टाका, असे मीच नऊ अर्ज केले होते. आता सारे म्हणतात, हिनंच टाकलं अन् कागद विकले."

बाईंचे मदतनीस मुखरूभाऊ यांनी स्कूटर काढली. चालवतानाही ते जांभया देत होते.

"हप्ताभर शेताले रातचीच लाइन हाये, बाई. दिवसा मोटर फिरत नाई. झोपाव कवा?"

"समोर बघा," बाई म्हणाल्या.

ऑफिसात सोमाजी वैतागलेला होता; मागोमाग दिव्यानीही पोचली. "एकाले परवानगी देली का तीसही मागतात. म्हणून अर्ज ठेवून देले. मंगळवारी मी चंद्रपूरले होतो. सकाळी अकराले याच कॉम्प्युटरवरून टाकलं कोणीतरी."

"पासवर्ड?"

त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बोट दाखवलं. तिथे तो पेनने लिहिलेला होता. बाईंनी कपाळाला हात लावला.

"फाइली गेल्या कुठे?"

"बाहेर एकही गेली नाई. निस्त्या पुसल्या."

मग सोमाजीचा तंत्रज्ञ धनराज आला. बाईंनी त्याला त्याचं काम विचारलं. "दर शनिवारी संस्थेच्या फाइली पेन ड्राइव्हवर घेऊन मीच त्यांच्या नागभीडच्या शाखेत जातो, बसनं; पाहून झाल्या का ड्राइव्ह पुसतो. तिथी नवा कोरा कॉम्प्युटर येऊन पडला, तरी माही वारी काही सुटत नाई."

"मंगळवारी कुठे होता?"

"सुट्टीवर. मुखरूभाऊच्या बाजूलेच शेत हाये माहं. दुपारवर मोटर लावून धानाले पाणी देलं."

बाकावर मुखरूभाऊंचा डोळा लागला होता. बाईंनी त्यांना हलवून जागं केलं.

"चोर माल नेतो," त्या थकल्या आवाजात म्हणाल्या. "इथून काहीच गेलं नाही. म्हणजे ही चोरी नाही, चूक आहे. हे सॉफ्टवेअर दोन्हीकडच्या फाइली सारख्या करतं. इकडे भरलेलं, नागभीडला कोरं. कुणीतरी दिशा उलटी निवडली, आणि भरलेलंही कोरं झालं. नागभीडची वारी कुणाला चुकवायची होती? आणि मुखरूभाऊ, या हप्त्यात दुपारी मोटर लागते का?"

"लाइनच नाई, तं लागंल कशी?"

धनराज बाकावर बसला. "शेत भाऊ पाहते. मले काय मालूम, लाइन कवाची हाये. बसनं जाऊन जाऊन थकलो होतो, बाई. दिव्यानीचंही काम होईल म्हटलं. मंग सारं गेलं, अन् मी भेलो. नोकरी जाईल म्हणून."

"चार दिवस लोकं मले चोर म्हणून राह्यले," दिव्यानी म्हणाली. "माह्या मायनं घराबाहेर पाय नाई ठेवला. अन् तू इथी चहा पेत होता."

साडेतीन वाजले होते. संताप तिच्या तोंडावर दिसत होता, पण तिने तो गिळला.

"कागद मी पुन्हा गोळा करीन. पण सभेत तूच सांग. मी बाजूले बसीन."

धनराज उठेना.

"चाल, भाऊ," ती म्हणाली. "मले एकटीले नाई ऐकत ते."