बेडकासमोरची शांतता

स्पेनमधल्या आमच्या सालामांकात माझा चेहरा फारसा कुणाला ठाऊक नाही, पण आवाज रोज कितीतरी लोकांच्या कानात असतो. आयुष्य रेडिओवर बोलण्यात गेलं. निवृत्त झाल्यावर मोठ्या चौकातल्या माहिती-खिडकीवरचा फेर्मिन मागेच लागला. म्हणाला, ‘‘पाहुण्यांना वाटाड्या नको असतो दोन्या एल्विरा, फोन कानाला लावून आपले आपण हिंडतात. तुम्ही बोला, ते चालतील.’’

मी बोलले. चौकातून निघायचं, शिंपल्यांच्या घरापाशी वळायचं, उन्हात सोन्यासारख्या दिसणाऱ्या भिंतींच्या कडेकडेनं विद्यापीठाच्या जुन्या दारासमोर यायचं. तिथे मी म्हणते, ‘‘या कोरीव दगडात एक बेडूक आहे. कुठे ते मी सांगणार नाही. शोधा. तोवर मी गप्प बसते.’’ आणि खरंच गप्प बसते. ध्वनिफितीत तिथे नुसती शांतता ठेवली आहे.

आमच्याकडे बेडूक ज्याचा त्यानं शोधायचा असतो. आपला आपल्याला सापडला तर परीक्षेत पास. कुणी बोट दाखवलं तर वर्ष पाण्यात गेलंच म्हणून समजा. इथे सख्खे भाऊ एकमेकांना घराच्या किल्ल्या देतील, पण बेडूक दाखवणार नाहीत. मीही दाखवणार नाही, उगाच वाट बघू नका.

माझी बेर्ता याच गावात जन्मली, चौतिशीला आली, पण तिला काही तो सापडला नव्हता. ‘‘डोळे आहेत की बटणं?’’ असं तिचे वडील होते तोवर चिडवायचे. ती हसायची. पण डॉक्टरेटची तोंडी परीक्षा जवळ आली तशी त्या दारावरून जायचंच टाळायला लागली. परीक्षक होते प्रोफेसर उर्बानो लाइनेस, ज्यांनी तिचा प्रबंध एकदा लाल रेघोट्या मारून परत पाठवला होता. या खेपेला नाही जमलं तर विभागातली जागा जाणार होती, आणि जागेपाठोपाठ माझी पोर. सामान भरायला तिनं खोकीसुद्धा आणून ठेवली होती. मी त्या खोक्यांना अडखळायची आणि रागानं लाथ मारायची.

प्रबंधाचा विषय असा, की ऐकून कुणीही कपाळाला हात लावावा. जुन्या काळी परीक्षेला बसणाऱ्याला रात्रभर सांता बार्बाराच्या प्रार्थनाघरात कोंडायचे. सकाळी जो जिंकला तो मोठ्या दारातून ढोल-तुताऱ्यांच्या गजरात बाहेर. भिंतीवर लाल रंगात त्याचं नाव आणि वर ‘वीतोर’, म्हणजे विजयी. अजून दिसतात ती नावं. जो हरला तो मागच्या गाड्यांच्या दारानं गुपचूप बाहेर, आणि त्याचा विषय बंद. बेर्तानं नेमके हे हरलेलेच घेतले होते.

‘‘जिंकलेल्यांवर लिही की गं,’’ मी म्हणायची, ‘‘भिंती भरून आहेत.’’

‘‘म्हणूनच नको, आई.’’

वसंत सरता सरता फेर्मिननं मला खिडकीवर बोलावलं. बुर्गोसच्या एका जोडप्याची तक्रार होती. बाकी सगळं छान, पण बेडकाच्या शांततेत कुणी बाप्या घसा खाकरतो, तेवढं कापून टाका.

‘‘कसला बाप्या? बंद खोलीत मी एकटी होते.’’

‘‘मग तुम्हीच खोकला असाल, दोन्या एल्विरा. वय झालं की आवाज घोगरा येतो.’’

‘‘तुझं वय होऊ दे, मग बघते तुला.’’

घरी येऊन फीत ऐकली. शांतता होती, अगदी स्वच्छ. मी सोडून दिलं.

पुढच्याच आठवड्यात बिल्बाओचा एक मास्तर सांगून गेला की शांततेत बाक सरकवल्याचा आवाज येतो. मग एक म्हातारी नन आली. खिडकीच्या कट्ट्यावर हात ठेवून म्हणाली, ‘‘तुमच्या त्या गृहस्थांना माझं नाव कशाला हवं होतं?’’ फेर्मिनच्या तोंडचं हसू मावळलेलं मी तेव्हाच पाहिलं. तिन्ही तक्रारींत एकच गोष्ट सारखी होती. सगळ्यांनीच ते दारासमोर उभं राहून ऐकलं होतं.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. आवाजाचा धंदा केलाय मी. भिंतीला आपटून आवाज कसे परततात, वाऱ्यावर शेजारचं बोलणं कसं तारेत शिरतं, सगळं मला पाठ आहे. भर दुपारी, प्रार्थनेची कुठलीही वेळ नसताना, मी दारासमोर जाऊन उभी राहिले. अंगण तापलं होतं. बुरुजावर करकोचे चोची वाजवत होते. मी फोन लावला, माझाच आवाज म्हणाला, ‘‘तोवर मी गप्प बसते.’’

आणि करकोचे ऐकू येईनासे झाले.

कानात गार हवा शिरल्यासारखं वाटलं. विझलेल्या मेणबत्तीचा वास आला, ओल्या लोकरीचा आला. लाकडी बाक दगडावर घासत सरकलं. कुणीतरी घसा साफ केला आणि दमलेल्या, पण अदबीच्या आवाजात विचारलं, ‘‘कोण येतंय?’’

शहाणी बाई असती तर पळाली असती. पण रेडिओवालीला शांतता सोसत नाही, कुणी प्रश्न टाकला की उत्तर जिभेवर तयार. त्यातून पोटात एकच काळजी. मी बोलून गेले, ‘‘माझी बेर्ता येतेय. शुक्रवारी. आणि नीट वागा तिच्याशी, सांगून ठेवते.’’

बाक पुन्हा सरकलं. कुणाला बसायला जागा करून द्यावी तसं.

मग माझा आवाज ‘‘सापडला का?’’ म्हणत पुढे बोलू लागला. मी फोन पिशवीत कोंबला आणि तरातरा घरी आले. बेर्ताला यातलं अवाक्षर सांगितलं नाही. आधीच तिच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

शुक्रवारी मला जाग आली तेव्हा तिचं अंथरूण रिकामं होतं. कॉफी उकळून जाईपर्यंत मी खिडकीतच उभी. नाही नाही ते मनात येत होतं. तेवढ्यात ती आली ती धावतच, गाल लाल, केस विस्कटलेले.

‘‘आई! सापडला!’’

‘‘काय?’’

‘‘बेडूक! माझा मला! तुझा आवाज ऐकत ऐकत गेले, म्हटलं धीर येईल, आणि वर पाहिलं तर समोरच बसलाय! इतकी वर्षं मी आंधळी होते की काय?’’ मला मिठी मारता मारता ती थांबली. ‘‘पण तो म्हातारा कोण घेतलायस गं मध्ये? काय भन्नाट कल्पना!’’

मी तिचे खांदे धरले. ‘‘काय म्हणाला तो?’’

‘‘प्रश्न विचारला. हरलेल्यांनी काहीच मागे ठेवलं नाही, मग ते होते हे कशावरून? मी तिथेच उभी राहून मोठमोठ्यानं उत्तर दिलं. एक जपानी बाई बघतच राहिली माझ्याकडे. कुठून शोधलास गं असा आवाज?’’

‘‘जुन्या ओळखीतला आहे,’’ मी म्हणाले. दुसरं काय सांगणार होते?

परीक्षा सगळ्यांसमोर असते. मी शेवटच्या बाकावर बसले, शेजारी फेर्मिन, खिडकी बंद ठेवून आलेला. बेर्ता छान बोलली. मग लाइनेस पुढे झुकले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मांजर उंदराला खेळवतं तसा वेळ काढत होते.

‘‘बाई, तुमचे हे हरलेले. एक ओळ नाही, एक खूण नाही. काहीच मागे ठेवलं नाही त्यांनी. मग ते होते, हे कशावरून?’’

शब्दन् शब्द तोच.

फेर्मिननं माझ्याकडे पाहिलं, कारण मी त्याचं मनगट आवळलं होतं.

बेर्ता हसली. घाबरलेलं हसू नव्हतं ते.

‘‘सर, आपल्या भिंती बघा. ‘जिंकलो, जिंकलो’ असं पुरुषभर उंचीच्या अक्षरांत कुणी एकट्यासाठी लिहितं का? समोर उभं राहून वाचणारा हरलेला असतो, म्हणून लिहितात. या गावातला प्रत्येक वीतोर हा त्यांच्या हजेरीचा पुरावा आहे. आपण फक्त उलट्या बाजूनं वाचलेलं नाही.’’

लाइनेसनी लेखणी खाली ठेवली. मग त्या खडूस माणसानं, देवाशप्पथ सांगते, मान तुकवली.

आम्हाला बाहेर काढलं, परत आत बोलावलं. सर्वोच्च श्रेणी, एकमतानं. मागून कुणीतरी ओरडलं, ‘‘वीतोर!’’ आणि सगळं दालन ओरडलं. मीही ओरडले. रेडिओवर जन्मभर जपलेला घसा त्या एका शब्दावर उधळला आणि मला जराही वाईट वाटलं नाही. माझी लेक जिंकली होती! मैत्रिणींनी तिला मोठ्या दारातून खांद्यावर बाहेर काढलं. पांढऱ्या चादरीवर लाल रंगात तिचं नाव रंगवून आमच्या सज्ज्यातून सोडलं. दुपारभर मांस भरलेली ओर्नासोची रोटी, वाईन, गाणी. आल्यागेल्याला मी जिन्यातच गाठून सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगत होते. ती खोकी मी स्वतःच्या हातांनी फाडून रद्दीत घातली. फाडताना काय सुख झालं म्हणून सांगू!

आणि कोणी विचारलंच, तर मी पुन्हाही त्या आवाजाला तेच सांगीन. आईनं दुसरं काय करायचं असतं?

रविवारी दुपारी सगळे त्या दारासमोर जमलो. फोटो काढायचा होता. बेर्ता मधोमध, डोक्यावर डॉक्टरची निळी टोपी, चादर मैत्रिणींनी दोन्हीकडून धरलेली. ऊन लख्ख होतं, करकोच्यांचा कलकलाट होता. फेर्मिन कॅमेरा लावत कुरकुरत होता, ‘‘हसा रे, पण दात नका दाखवू, ऊन चमकतंय.’’

मी जरा बाजूला उभी होते. वाटलं, त्या गृहस्थांचे आभार मानावेत. माणुसकी म्हणून. एक कान बंद केला आणि फोन लावला. ‘‘तोवर मी गप्प बसते.’’

खाकरणं ऐकू आलं नाही. गर्दी ऐकू आली. पुरुषांची, कोवळ्या, म्हाताऱ्या आवाजांची, पाय घासत रेटारेटी करणारी. प्रत्येक जण काहीतरी सांगत होता. कान देऊन ऐकलं तेव्हा कळलं, प्रत्येक जण आपलं नाव सांगत होता.

आणि त्या सगळ्यांत एक आवाज. वर्गात पोरांना समजावताना बेर्ताचा असतो तसा शांत, प्रेमळ.

‘‘हळू. एकेक जण. कुणाचंही राहणार नाही.’’

मी वर पाहिलं. बेर्ता फोटोसाठी ओठ मिटून हसत उभी होती. फेर्मिन म्हणाला, ‘‘झालं, डॉक्टरीणबाई, आता सुटी!’’ मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या, चादर खाली आली.

तिचा उजवा हात अंगाशी सरळ लोंबत होता. त्याचं एक बोट मांडीवरच्या कापडावर भराभर लिहीत होतं, ओळीखाली ओळ, ओळीखाली ओळ.